नियाझीचे रिव्हॉल्वर: एका ‘चे’चं प्रकरण

आमच्या वाचनालयात दर डिसेंबरात एक प्रदर्शन लागतं. गोव्यात डिसेंबर म्हणजे १९ तारीख, मुक्तिदिन. पण आमच्या गावातली आठ-नऊ घरं फौजेतली, त्यामुळे १६ तारखेचा विजय दिवसही सोडून चालत नाही. म्हणून दोन्हींचं मिळून एकच प्रदर्शन, २६ जानेवारीपर्यंत. गेल्या वर्षी अकरा फलक केले. नववा ढाक्याच्या शरणागतीचा. मधोमध काळंभोर, गुळगुळीत हत्यार आणि खाली ठळक ओळ: ‘पाकिस्तानी जनरल नियाझी याचे रिव्हॉल्वर’.

ओळ माझी. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या शाळांतून तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालो, तेव्हा फलकांचा मजकूर दरवर्षी माझ्याच गळ्यात पडतो.

उद्‌घाटनाच्या आदल्या संध्याकाळी फलक टांगायला गावातले एक निवृत्त हवालदार आले. आम्ही त्यांना हवालदारकाका म्हणतो. ते फौजेच्या ईएमई या यांत्रिकी शाखेत आर्मरर होते, म्हणजे बावीस वर्षं दुसऱ्यांची हत्यारं दुरुस्त करत आले. शिडीवर चढून त्यांनी नववा फलक हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, “हें ताचें न्हय, मास्तर.”

(पुढचं बोलणंही कोकणीतच झालं, मधेमधे फौजी हिंदीत. इथे मराठीत देतो.)

“रिव्हॉल्वर लिहिलंत, मग चकरी कुठाय?”

चकरी नव्हतीच. रिव्हॉल्वरला गोळ्यांची फिरती चकरी असते, पिस्तुलाच्या गोळ्या मुठीत सरकवतात, एवढं मलाही ठाऊक आहे. पण लिहिताना मी चित्र पाहिलंच नव्हतं. फ्लेक्स छापणाऱ्या पोराने नेटवर ‘जनरलचं पिस्तूल’ असं काहीतरी शोधून पहिलं देखणं चित्र उचललं होतं. मोबाइलवर मोठं करून पाहिलं, तर सांगाड्याच्या उजव्या अंगावर बारीक अक्षरं: यू. एस. प्रॉपर्टी. अमेरिकन सरकारची मालमत्ता, वाळपईच्या फ्लेक्सवर, पाकिस्तानी जनरलच्या नावाने.

चित्र रातोरात बदलता आलं असतं. पण शिडी उतरता उतरता काका म्हणाले, “चित्राचं सोडा. खालची ओळ तरी खरी आहे का? ते रिव्हॉल्वर नियाझीचं नव्हतंच, असं आमच्याकडे बोलायचे.”

त्या रात्री नवव्या फलकावर जुन्या वर्तमानपत्राचं पान चिकटवलं आणि पुढचे दहा-बारा दिवस आम्ही दोघांनी या एका ओळीमागे घालवले. जे हाती लागलं ते सविस्तर लिहून ठेवतो, कारण फलकावर दोन ओळींपलीकडे जागा नव्हती.

वाद नाही ते आधी

१६ डिसेंबर १९७१. ढाक्याचं रमणा रेसकोर्स मैदान, उघड्यावर मांडलेलं एक टेबल. पाकिस्तानच्या पूर्व कमांडचे प्रमुख लेफ्टनंट जनरल अमीर अब्दुल्ला खान नियाझी आणि भारताच्या पूर्व कमांडचे प्रमुख लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरा शेजारी शेजारी बसले. शरणागतीच्या दस्तऐवजावर वेळ आहे १६३१ तास, भारतीय प्रमाणवेळ. सह्या झाल्या, नियाझींनी खांद्यावरचं पदचिन्ह सोडवलं, आणि मुठीला अडकवलेल्या डोरीसकट ०.३८ कॅलिबरचं रिव्हॉल्वर काढून अरोरांच्या हातात दिलं. या एका सहीने नागरिक धरून सुमारे ९३,००० माणसं भारताची कैदी झाली.

तो फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो, पण त्यात मागे उभ्या असलेल्यांकडे फारसं कुणी बघत नाही. त्यांतले एक लेफ्टनंट जनरल सगतसिंग. हे नाव गोव्यात पुन्हा सांगायला हवं. १९६१ च्या डिसेंबरात दोडामार्गाच्या बाजूने गोव्यात शिरलेल्या ५० पॅराशूट ब्रिगेडचे ब्रिगेडियर तेच. त्यांच्या ब्रिगेडमधली मराठ्यांची दुसरी पॅरा पलटण तेव्हा फोंड्याच्या वाटेने आली होती. दहा वर्षांनी हीच पलटण ११ डिसेंबरला टांगाइलला विमानांतून उतरली आणि १६ तारखेला ढाक्यात सर्वांत आधी पोचली. आमच्या प्रदर्शनात दोन तारखा एकत्र येतात त्या काही केवळ सोयीसाठी नव्हेत. पण हे विषयांतर झालं.

दिलेलं रिव्हॉल्वर पुढे देहरादूनच्या इंडियन मिलिटरी अकॅडमीच्या संग्रहात गेलं. बातम्यांत त्याला सर्रास ‘नियाझीचं पिस्तूल’ म्हणतात. माझीही ओळ त्याच वळणाने आली होती.

साक्षीदार, आणि त्याचा सत्तरीशी संबंध

‘ते त्याचं नव्हतं’ ही गोष्ट पलटणींच्या कँटीनमधली अफवा नाही. ती लिहून ठेवली आहे मेजर जनरल जे. एफ. आर. जेकब यांनी. १९७१ मध्ये ते पूर्व कमांडचे चीफ ऑफ स्टाफ होते. १६ तारखेला दुपारी शरणागतीचा मसुदा घेऊन ढाक्यात उतरलेला आणि नियाझींना राजी करणारा माणूस तोच. १९९७ मध्ये आलेल्या आठवणींत ते सांगतात की पुढे त्यांनी ते रिव्हॉल्वर नीट तपासलं. नळी घाणीने भरलेली, बऱ्याच काळात साफ न केलेली. डोरी मळकी, जागोजागी विरलेली. हत्यार फौजेतलं साधं, नेहमीचं. यावरून त्यांनी ताडलं की हे सेनापतीचं खासगी शस्त्र नव्हे. नियाझींनी आपल्या एखाद्या लष्करी पोलिसाचं रिव्हॉल्वर घेऊन स्वतःचं म्हणून खपवलं असावं. हरलेल्या माणसाने आपल्या परीने थोडी परतफेड केली, असा त्यांचा सूर.

आता या साक्षीदाराची गंमत. हेच जेकब १९९८ च्या एप्रिलमध्ये गोव्याचे राज्यपाल होऊन दोना पावलाच्या राजभवनावर आले आणि १९९९ च्या नोव्हेंबरपर्यंत राहिले. मधे राष्ट्रपती राजवट लागली, राज्याचा कारभार थेट त्यांच्या हाती आला, आणि त्या काळात त्यांनी म्हादई आणि नेत्रावळी ही दोन अभयारण्यं जाहीर केली. म्हादई अभयारण्य सुमारे २०८ चौरस किलोमीटरचं, आणि ते सगळं आमच्या सत्तरीत. रातोरात गावंच्या गावं अभयारण्याच्या हद्दीत गेली. त्यामुळे सत्तरीत जेकब हे नाव कोऱ्या मनाने कुणी घेत नाही. डोंगर राहिला, नदी राहिली ती त्यांच्यामुळे, असं म्हणणारे आहेत. आणि जेकब म्हटलं की तोंडातलं पान थुंकणारेही आहेत.

हवालदारकाकांचं काजूचं भाट, म्हणजे बाग, त्याच हद्दीत आहे.

मी सरळच विचारलं, “काका, भाटाचा राग इथे काढत नाही ना?”

“राग आहेच,” ते म्हणाले. “पण नळीला काय ठाऊक माझं भाट कुठे आहे ते?”

साक्षीदारालाही पक्ष होता, हे विसरता येत नाही. ढाक्याच्या शरणागतीचं श्रेय कुणाकडे किती, यावर वरिष्ठ अधिकाऱ्यांत पुढे बरीच वर्षं रस्सीखेच चालली आणि जेकब तिच्यात चांगलेच उतरलेले होते. नियाझी जितका लबाड दिसेल तितका त्याला नमवणारा मोठा दिसतो. पण पक्ष असलेला माणूस खोटं बोलतो असं नाही. म्हणून आम्ही त्यांच्या म्हणण्याचे दोन भाग केले: डोळ्यांनी पाहिलं ते, आणि त्यावरून ताडलं ते. पहिल्यावर आम्ही शंका घेतली नाही. तोफखान्यातला, महायुद्ध पाहिलेला अधिकारी. घाणेरडी नळी त्याला कळली नसेल असं कोण म्हणेल?

दुसऱ्या भागापाशी काका अडले.

पडद्याची नळी

वाचनालयाच्या खिडकीला पडदा अडकवायची एक लोखंडी नळी होती, वर्षभर कोपऱ्यात पडलेली. काकांनी ती मागवली. ट्यूबलाइटखाली उभे राहून एका टोकाशी अंगठा आडवा धरला, असा की नखावर पडलेला उजेड नळीत शिरावा, आणि दुसऱ्या टोकाला मला डोळा लावायला सांगितला.

“काय दिसतं?”

आत तांबूस भुकटी, कोळ्याचं जाळं, आणि पलीकडे नखाचा गुलाबी ठिपका.

“ही नळी कुणी वापरली?”

“कुणीच नाही. म्हणून तर गंजली.”

“मग झालं,” ते म्हणाले.

त्यांचं म्हणणं असं. रोज कमरेला लावून फिरणारं हत्यार घाण राहत नाही. लष्करी पोलिसाचा तर टर्नआउट हाच धंदा: पट्टा चकचकीत, डोरी पांढरीशुभ्र, रोज सकाळी साहेब समोर उभा. त्याची डोरी विरलेली आणि नळी भरलेली असेल तर त्याला तिथल्या तिथे शिक्षा. याउलट मोठ्या साहेबाचं रिव्हॉल्वर. साहेब ते कधी चालवत नाही. ते कपाटात, नाहीतर पेटीत, केसमध्ये गुंडाळलेलं. साफ करायचं ते ऑर्डर्लीने. आणि साहेब विचारणार नाही हे कळलं की ऑर्डर्लीही फुलत्रू (नळी पुसायची दोरी) नि चिंदी बाहेर काढत नाही. “माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्यांत सगळ्यात वाईट हालत कुणाच्या हत्याराची असायची सांगू? ज्याला विचारणारं कुणी नाही त्याच्या.”

म्हणजे घाणेरडी नळी हा जेकबांचा मुख्य पुरावा उलट्या बाजूनेही वाचता येतो. घाण आहे म्हणून शिपायाचं, हे जितकं पटतं, तितकंच घाण आहे म्हणून साहेबाचं, हेही. मला हे ऐकून थोडा आनंदच झाला, खोटं कशाला बोलू. छापील पुस्तकातलं अनुमान आमच्या वाचनालयातल्या पडद्याच्या नळीने डळमळलं.

पण काका प्रामाणिक. दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा आले, त्या फोटोची झेरॉक्स घेऊन. “रात्री झोप नाही लागली. हे बघा. माणूस नीट तयार होऊन आलाय. टोपी सरळ. आपण हरलो हे जगासमोर सांगायला येतोय, तरी कपडे जागच्या जागी. अशा माणसाच्या कमरेला विरलेली डोरी कशी?”

इथे वेळेचाही प्रश्न येतो. जेकबांच्या सांगण्याप्रमाणे समारंभात काय काय करायचं ते दुपारीच ठरलं होतं. नियाझींकडे तलवार नव्हती म्हणून रिव्हॉल्वर द्यायचं असं ठरलं. म्हणजे रिव्हॉल्वर ऐनवेळी मागितलं गेलं नव्हतं. तयारीला काही तास होते. बाकी सगळं पुसून-झटकून आलेल्या माणसाने नेमकं तेवढंच मळकं आणलं, तर एक तर ते घाईने कुणाकडून तरी घेतलेलं, नाहीतर मुद्दाम निवडलेलं. काकांच्या मते मुद्दाम. माझ्या मते घाईने. यावर आमचं अजून एकमत नाही.

थोडक्यात, जेकब म्हणतात ते शक्य आहे, कदाचित खरंही आहे. फक्त ज्या कारणासाठी ते म्हणतात ते कारण पुरेसं नाही.

नियाझींची कारकीर्द कामाला येते का?

मला वाटलं, माणसाची कारकीर्द पाहिली तर हत्याराचं कोडं सुटेल. नियाझी पंजाबातल्या मियांवालीकडचे. १९४२ मध्ये ब्रिटिशांच्या हिंदी फौजेत अधिकारी झाले. ब्रह्मदेशच्या आघाडीवर जपान्यांशी लढताना मिलिटरी क्रॉस मिळवला. ‘टायगर’ हे नाव त्याच काळातलं, आणि ते त्यांनी शेवटपर्यंत मिरवलं. १९७१ च्या एप्रिलमध्ये त्यांना पूर्व पाकिस्तानात पाठवलं. तिथे पुढच्या आठ महिन्यांत त्यांच्या फौजेने बंगाली लोकांवर जे केलं ते या लेखाच्या आवाक्यात मावणारं नाही. पण ‘शूर सेनापतीचं मानाचं शस्त्र’ अशा गोड भाषेत फलक लिहू नये, एवढं भान त्यामुळे राहिलं.

या कारकिर्दीतून एकच उपयोगी धागा हाती लागला, आणि तोही जेकबांच्या विरुद्ध जाणारा. १९४२ ला कमिशन मिळालेल्या अधिकाऱ्याच्या हाती कोणतं हत्यार येणार? ०.३८ चं रिव्हॉल्वर. ब्रिटिश फौजेने १९३२ मध्ये स्वीकारलेलं एनफील्ड किंवा त्याचंच भावंड वेब्ली: मधे मोडून उघडायचं, सहा गोळ्यांचं, मुठीच्या तळाशी डोरी अडकवायची कडी. फाळणीत माणसं वाटली गेली तशी हत्यारंही. तेव्हा ‘फौजेतलं साधं ०.३८’ हे वर्णन एखाद्या पोलिसाला जसं लागू पडतं, तसंच १९४२ च्या भरतीतल्या जनरललाही. आमच्याकडे जनरल झालास म्हणून घे हे वेगळं नक्षीदार पिस्तूल, असा अमेरिकेसारखा प्रकार नव्हता.

बाकी कारकीर्द मुकी आहे. शूर माणूसही रिव्हॉल्वर बदलू शकतो, आणि लबाड माणूसही स्वतःचंच देऊ शकतो. १९७४ मध्ये नियाझी मायदेशी परतले, सेवेतून काढले गेले, माझं कोर्ट मार्शल करा म्हणून मागत राहिले आणि ते कधी झालं नाही. फेब्रुवारी २००४ मध्ये लाहोरला वारले.

चुकून आलेलं अमेरिकन चित्र

आणि इथे त्या फ्लेक्सवाल्या पोराचे आभार मानायला हवेत. त्याने लावलेलं चुकीचं चित्र बरोबर प्रश्नाकडे घेऊन गेलं.

अमेरिकन लष्करात दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून जनरलच्या हुद्द्याला पोचलेल्या अधिकाऱ्याला एक वेगळं पिस्तूल देत. कोल्ट कंपनीचं, जॉन ब्राउनिंगच्या आराखड्याचं, कोटाच्या खिशात मावणारं: ०.३२ चं १९०३ मॉडेल किंवा ०.३८० चं १९०८ मॉडेल. नाव ‘हॅमरलेस’, म्हणजे बिनघोड्याचं. प्रत्यक्षात घोडा असतो, आत झाकलेला. सोबत चामड्याचा पट्टा, सोनेरी बक्कल. आयझेनहॉवर, ब्रॅडली यांना अशी पिस्तुलं मिळाली होती. पुढे साठा संपत आला तेव्हा १९७२ पासून रॉक आयलंडच्या शस्त्रागारात ०.४५ चं आखूड केलेलं एम-१५ खास जनरलांसाठी बनू लागलं, आणि ऐंशीच्या दशकात त्याची जागा बेरेटा एम-९ ने घेतली, ज्याच्या क्रमांकातच ‘जीओ’ ही अक्षरं असत, जनरल ऑफिसरची.

हे सगळं मी काकांना वाचून दाखवत होतो. त्यांना बक्कलमध्ये काडीचा रस नव्हता. त्यांनी एकच विचारलं, “निवृत्त झाल्यावर?”

“विकत घेता यायचं.”

“म्हणजे तोवर सरकारचंच.”

तोवर सरकारचंच. ‘यू. एस. प्रॉपर्टी’ म्हणून तर कोरलेलं. आणि म्हणूनच प्रत्येक पिस्तुलामागे कागद तयार झाला: कोणत्या क्रमांकाचं, कुणाला, कधी दिलं, कधी परत आलं किंवा विकलं. आज तिथे अशा पिस्तुलाला भाव येतो तो पोलादाला नाही, त्या कागदाला. तेच कोल्ट, तोच साल, पण कागद नसेल तर ते जुनं खिशातलं पिस्तूल. कागद असेल तर अमुक जनरलचं.

अमेरिकेच्याच जनरल पॅटनची गोष्ट याच्या शेजारी ठेवून बघण्यासारखी आहे. त्याच्या कमरेची हस्तिदंती मुठीची रिव्हॉल्वरं जगप्रसिद्ध. त्यातलं कोल्ट त्याने १९१६ मध्ये स्वतःच्या पैशाने घेतलं होतं. ते ‘पॅटनचं रिव्हॉल्वर’, अगदी बिनतक्रार. पण त्याला सरकारने दिलेलं छोटं कोल्ट? तेही ‘पॅटनचं’च म्हणतात.

आता मी माझ्या धंद्यावर येतो. षष्ठीचा प्रत्यय शिकवताना आम्ही फळ्यावर लिहायचो: ‘रामाचे पुस्तक’. मग पोरांना विचारायचो, रामाने लिहिलेलं, रामाने विकत घेतलेलं, रामाविषयीचं, की रामाने वाचनालयातून आणलेलं? पोरं हसायची. चा-ची-चे हा मराठीतला सगळ्यात सोशिक प्रत्यय आहे; काहीही लादा, वाहून नेतो. आणि तीस वर्षं हे शिकवून मी फलकावर ‘नियाझी याचे’ लिहून मोकळा झालो होतो.

विकत घेतलेलं असेल तर त्यांचं. फौजेने दिलेलं असेल तर पाकिस्तान सरकारचं, ज्याचा हिशेब कुठल्या तरी कोतातल्या रजिस्टरात. पोलिसाकडून घेतलेलं असेल तरीही सरकारचंच, फक्त सही वेगळ्याची. काकांच्या भाषेत सांगायचं तर, “साहेब बदलतो, बट नंबर बदलत नाही.” कोत म्हणजे हत्यारं ठेवायची खोली, तिथे प्रत्येक हत्याराला नंबर, आणि ते बाहेर काढताना नंबरासमोर सही. हा वाद नळीत डोळा घालून सुटणारा नव्हताच. तो सुटला असता तर मुठीवरचा नंबर आणि ढाक्यातलं एक रजिस्टर शेजारी ठेवून. डिसेंबर १९७१ च्या ढाक्यात कुणाला रजिस्टर शोधायची सवड होती?

आठवा फलक

नवव्याचं हे चाललेलं पाहून सरपंचांनी सुचवलं, आठव्यावरही एखादं हत्यार लावा, लोक बघतात. आठवा फलक आपल्या घरच्या शरणागतीचा. १९ डिसेंबर १९६१, रात्री साडेआठच्या सुमारास, वास्कोच्या बाजूला, मोटारींच्या दिव्यांच्या उजेडात पोर्तुगीज गव्हर्नर जनरल मान्युएल आंतोनियो व्हासालो ई सिल्व्हा यांनी ब्रिगेडियर के. एस. धिल्लन यांच्यासमोर सही केली. आम्ही तिथे हत्यार लावलं नाही. तो फलक वाचायचा असेल तर पिस्तुलातून वाचताच येत नाही.

व्हासालो ई सिल्व्हा हे मुळात लष्करी अभियंता. १९५८ मध्ये गोव्यात आले. १९६१ च्या डिसेंबरात लिस्बनहून हुकूमशहा सालाझारची आज्ञा आली: तह नाही, कैदी होणं नाही, आमचे सैनिक एक तर विजयी, नाहीतर मेलेले. यांनी ती पाळली नाही. पूल उडवले गेले, बोरीचा, बाणस्तारीचा. पण पणजी शाबूत राहिली आणि हजारो पोर्तुगीज पोरं जिवंत घरी गेली. त्याची किंमत त्यांनी मोजली. पुढच्या मे महिन्यात कैदेतून सुटून परतले आणि १९६३ मध्ये फौजेतून बडतर्फ झाले. हुद्दा परत मिळाला तो पोर्तुगालात हुकूमशाही कोसळल्यावर, १९७४ मध्ये. म्हणजे ज्या वर्षी लाहोरचा एक जनरल कैदेतून परतून हुद्दा गमावायच्या वाटेला लागला, त्याच वर्षी लिस्बनच्या दुसऱ्याला तो परत मिळाला. १९८० मध्ये व्हासालो ई सिल्व्हा पुन्हा गोव्यात येऊन गेले, पाहुणे म्हणून. लोकांनी त्यांचं बरं स्वागत केलं, हे सांगणारी माणसं अजून पणजीत भेटतात.

सरपंचांना पटलं नाही, पण फ्लेक्सचा खर्च वाचला म्हणून त्यांनी सोडून दिलं.

नवी ओळ

ओळ ठरायला शेवटचे दोन दिवस गेले. मी लिहिलं: ‘ले. जनरल नियाझी यांनी १६ डिसेंबर १९७१ रोजी ढाका येथे ले. जनरल अरोरा यांच्या स्वाधीन केलेले ०.३८ रिव्हॉल्वर. हे त्यांचे स्वतःचे शस्त्र नसावे, असे जनरल जेकब यांनी नोंदवले आहे.’

पहिली हरकत वाचनालयाच्या बाईंची. “गुरुजी, जेकबांचं नाव घालताय? पुसून टाकतील लोक.” ती शक्यता होती. नाव ठेवलं. ज्याने नळीत पाहिलं त्याचं नाव लिहायलाच हवं, मग त्याने आपली भाटं अभयारण्यात का घातलेली असेनात.

दुसरी सरपंचांची. “आधी ‘याचे’ होतं, आता ‘यांनी’? शत्रूला मान कशाला?” मी व्याकरण सांगू लागलो, पण उत्तर काकांनी दिलं. “सलाम हुद्द्याला असतो. माणसाचं काय ते आठ महिन्यांत सगळ्यांनी बघितलं.”

तिसरी काकांचीच, नि ती सगळ्यात चिवट. ‘नसावे’ला त्यांचा विरोध. नळीवरून असं म्हणता येत नाही हे आपण दाखवलं, मग ते छापायचं कशाला? मी म्हटलं, ‘नसावे’ आपण म्हणत नाही, जेकब म्हणतात; आपण फक्त ‘नोंदवले आहे’ म्हणतो. त्यांनी ओळ पुन्हा वाचली, बोट ठेवून, एकेक शब्द. मग म्हणाले, “ठीक. पण चित्रात डोरी दाखवा. विरलेली.”

चित्र सातवीतल्या एका मुलीने पेन्सिलने काढलं: मधे मोडून उघडलेलं रिव्हॉल्वर, रिकामी चकरी, सहा भोकं, मुठीच्या कडीतून लोंबणारी डोरी आणि डोरीच्या टोकाला सुटलेले दोरे. काका शेजारी बसून सांगत होते. सहा भोकं तिने दोनदा खोडून पुन्हा काढली, कारण पहिल्यांदा सात झाली होती.

जुना फ्लेक्स काकांनी घरी नेला. परवा गेलो होतो तर तो त्यांच्या परसातल्या जळाऊ लाकडांच्या ढिगावर घातलेला, चारी कोपऱ्यांवर दगड. अमेरिकन पिस्तूल आतल्या अंगाला गेलंय. बाहेर एवढंच वाचता येतं: ‘याचे रिव्हॉल्वर’.